फोटो झाकला, नंबर उघडा

आमच्या केंद्रात तरुण मुलं आली की आधी खिशातला मोबाइल काढून टेबलावर ठेवतात, पडद्याची बाजू खाली करून. मग पिशवीतून कागद निघतात. आधारकार्ड, बारावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान. हे सगळं टेबलभर सुलटं पसरलेलं असतं. मागे उभा असलेला कोणीही ते वाचू शकतो आणि वाचतोही. मुलांना त्याचं काही वाटत नाही. पण त्या पालथ्या मोबाइलवर नुसता टिंग असा आवाज झाला की झटकन त्यावर तळहात येतो.

या तळहाताचं मला फार कुतूहल आहे. तरुण मुलं काय लपवतात आणि काय उघडं टाकतात, हे मी रोज बघते. अजून मला त्याचा पुरता उलगडा झालेला नाही. दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा असं सुचवलं गेलं, तेव्हा मी ठरवलं की आपलं आयुष्य सांगत बसण्यापेक्षा हेच लिहावं. त्यात माझीही एक चूक आहे, ती लिहिल्याशिवाय लेख पुरा होणार नाही.

धुळे जिल्ह्यात नरडाण्याला स्टेशनच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं केंद्र आहे. दोन संगणक, एक प्रिंटर, एक स्कॅनर, भिंतीला लावलेला निळा पडदा आणि त्याच्यापुढे फोटो काढायला एक स्टूल. शिष्यवृत्ती, प्रवेश, पोलीस भरती, दाखले, सगळे फॉर्म इथे भरले जातात. बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय, टाइप करायचं. पण फॉर्म भरणं हे अर्धं शिंप्याचं आणि अर्धं डॉक्टरांचं काम आहे. फोटो ठरवून दिलेल्या मापात बसवायचा, सही त्याहून लहान मापात. शाळेच्या दाखल्यावर नाव एक, आधारवर दुसरं, तर कुठलं धरायचं ते ठरवायचं. आणि हे करताना माणूस समोर बसून घरातलं सगळं सांगतो. वडील काय करतात, किती भावंडं आहेत, आई कधी वारली. फॉर्म विचारतो म्हणून मी विचारते आणि मी विचारते म्हणून तो सांगतो.

माझे वडील मालगाडीची पोती उतरवायचे. घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. धुळ्याला बी.ए. केलं, ते शिष्यवृत्तीवर. तो फॉर्म आमच्या शाळेतल्या गुरुजींनी स्वतःच्या हाताने भरून दिला होता, त्यांचं ऋण मी विसरणार नाही. पण शाळेतली आणखी एक आठवण आहे. शिष्यवृत्ती आली की वर्गात यादी मोठ्याने वाचली जायची. नाव, जात, वडिलांचं उत्पन्न. नाव आलं की उभं राहायचं. वाचणाऱ्याच्या मनात काही वाईट नसे, तशी पद्धतच होती. मी उभी राहायची आणि माझ्या चपलांकडे बघायची. म्हणून केंद्र सुरू केल्यापासून माझा एक नियम आहे. कोणाचाही जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला माझ्या टेबलावर पालथा राहील. मुलं सुलटा ठेवतात, मी हळूच उलटा करते. या नियमाचा मला अभिमान होता. आपण लोकांची अब्रू जपतो, असं मला वाटायचं.

आता रोशनीच्या आबांची गोष्ट सांगते, कारण मोबाइलमधलं खासगी म्हणजे काय, याचा पहिला धडा मला त्यांनी दिला.

रोशनी आमच्या गल्लीच्या पुढच्या गल्लीतली, तेव्हा अकरावीला होती. तिचे आजोबा ऐंशीच्या घरातले, शाळेचं तोंड न बघितलेले, अहिराणीच बोलणारे. एका सकाळी एकटेच आले, धोतराच्या सोग्यातून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला.

“पोरी, हाई जरा वाची दे.”

“आबा, घरी रोशनी आहे ना? ती नाही वाचून दाखवत?”

“ती सोडी सोडी वाचस,” आबा म्हणाले. “पुरं वाचत नही. माले समजस ना. मेसेज इतला लांब ऱ्हास आणि तिनं वाचणं इतलंसं.” त्यांनी दोन्ही हातांनी लांबी दाखवली.

मेसेज सुरतेच्या दोस्ताचे होते. दोघं तरुणपणी तिथे एका गिरणीत होते. दोस्त सहावी शिकलेला, हौसेने स्वतः टाइप करणारा. आबांचं म्हणणं असं की दोस्त बदलला. पूर्वी कसा बोलायचा आणि “आते सरकारी नोटीस मायक लिखस. कसा आहेस, तब्येत सांभाळ. बस. माले वाटनं तो माले इसरी गया.”

मी मेसेज उघडला. पहिल्या ओळीतच तीन शिव्या होत्या. दुसऱ्या ओळीत आबांच्या दातांवरून एक आणि टकलावरून एक. मग रोशनी काय सोडून देत होती ते कळलं. नातीने आजोबांना तोंडावर शिव्या कशा द्यायच्या? पोरीने त्या गाळल्या आणि दोस्तीच गाळली गेली.

“वाच ना,” आबा म्हणाले.

“आबा, यात जरा… वाईट शब्द आहेत.”

आबांचा चेहरा उजळला. “बठ्ठं वाच! एक बी सोडू नको!”

मी पडद्यावर नजर खिळवून, उभ्या आयुष्यात तोंडातून न काढलेले शब्द एका दमात वाचून काढले. केंद्रात दोन गिऱ्हाइकं होती, ती भिंतीकडे बघू लागली. आबा मांडीवर थाप मारून हसत होते. “हाऊ शे मन्हा दोस्त! हाऊ शे!”

मी त्याच भरात शेवटची ओळही वाचून टाकली. दोस्ताच्या ओळखीचा एक मुलगा सुरतेत होता, नातीचं लग्न कधी करतोस, असं त्याने विचारलं होतं. हेही रोशनी गाळत आली होती. आबांनी ते ऐकलं आणि हसणं थांबवून मान डोलावली.

संध्याकाळी रोशनी केंद्राच्या दारात उभी. “ताई, तुम्ही ते वाचलंत?”

“अगं, मेसेज आबांचा होता. फोनही त्यांचा.”

“आणि लग्न कोणाचं होतं?”

  मेसेज कोणाचा असतो? ज्याच्या फोनवर आला त्याचा, की ज्याच्याविषयी लिहिलंय त्याचा? रोशनी सतरा वर्षांची होती, पण प्रश्न तिने मोठ्या माणसाचा विचारला होता. नशिबाने आबांनी त्या सुरतेच्या मुलाचा विषय पुढे वाढवला नाही. मी मात्र मनात नोंद केली, ही मुलगी दुसऱ्यापर्यंत काय पोचू द्यायचं ते स्वतः ठरवते. प्रेमापोटीच ठरवते, पण ठरवते.

रोशनीची जिवाभावाची मैत्रीण करुणा. दोघी एका बाकावर, एका सायकलवर. करुणाचे वडील सुकदेवभाऊ औद्योगिक वसाहतीत कामाला. घरात एक खोली, पाच माणसं आणि फोन एक. असा फोन वापरण्याची मुलांची एक विद्याच असते. करुणा मला ती सांगायची आणि मी कान देऊन ऐकायची. वाचून झालं की मेसेज पुसायचा. सगळेच पुसले तर संशय येतो, म्हणून दोन-चार साधे ठेवायचे. स्टेटस टाकताना नातेवाइकांची यादी वगळायची, फक्त एक भोळी मावशी ठेवायची, म्हणजे घरात कोणी विचारलं तर “मावशीने पण बघितलंय” असं सांगता येतं. मी पोटभर हसले होते. एवढी हुशारी मला तर बी.ए. होऊनही नव्हती.

मागच्या वर्षी दोघी बारावी झाल्या आणि नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला एकत्र आल्या. करुणाला चांगले गुण होते, रोशनीला बेताचे. करुणाने जळगावचं एक कॉलेज मनात धरलं होतं. मी म्हटलं, “धुळं जवळ आहे, जाऊन-येऊन करता येईल.”

“म्हणूनच नको ताई,” ती म्हणाली. “जळगावला मुलींना होस्टेल आहे. प्रत्येकीला कॉट आणि कपाट. मला एकदा असं राहायचंय की माझी वही मी जिथे ठेवली तिथेच सापडेल.”

हे मला फार आतून समजलं. पाच जणांच्या खोलीत वाढलेल्या मुलीलाच ते सुचतं. जळगावची जागा मिळाली तर तिला शिक्षण मिळणार होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा बंद होणारं एक दार मिळणार होतं.

आता या प्रवेशाची रीत सांगते. पहिल्यांदा नोंदणी होते, अर्ज क्रमांक मिळतो आणि पासवर्ड बनवावा लागतो. गुणवत्ता यादी लागली की कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा. पहिलं कोणतं, दुसरं कोणतं. मुदतीच्या आत तो कितीही वेळा बदलता येतो. मुदत संपली की जे असेल ते कायम.

पासवर्ड ही आमच्या धंद्यातली मोठी डोकेदुखी. मुलं घरी गेली की विसरतात आणि वर्षाने येऊन म्हणतात, ताई, काय होता? म्हणून मी सुरुवातीच्या काळातच एक पद्धत काढली होती. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, मग तो वेटोळ्यातला ए, मग जन्माचं साल. सगळ्यांना हाच नियम. कोणी पाच वर्षांनी आलं तरी मी क्षणात सांगायची. लोक थक्क व्हायचे. “ताईंच्या डोक्यात अख्ख्या तालुक्याचे पासवर्ड शेत,” असं म्हणायचे आणि मी खाली मान घालून खूश व्हायची. निकालाच्या दिवशी तर मी सकाळीच एकेकाचं खातं उघडून बघायची आणि घरी फोन करायची. घरच्यांच्या आधी मला कळायचं. ही मला सेवा वाटायची.

त्या दिवशी दोघींचे फॉर्म भरून झाले. पावती हातात आल्याबरोबर करुणाने सोबत आणलेल्या घरच्या फोनवर तिचा फोटो काढून स्टेटसला टाकला. वर लिहिलं, “पहिलं पाऊल. आशीर्वाद असू द्या.” मी बघितलं तर पावतीवरच्या स्वतःच्या फोटोवर तिने सूर्यफुलाचं चित्र चिकटवलं होतं.

“हे काय गं?”

“फोटो किती घाण आलाय ताई! तो कोणाला दाखवू?”

माझ्या स्टुलावर, माझ्या पडद्यापुढे काढलेला फोटो. मला थोडं लागलं, पण हसूच जास्त आलं. मीही त्या स्टेटसला हात जोडलेलं चित्र पाठवलं. फुलाच्या खाली तिचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि अर्ज क्रमांक ठळक छापलेले होते. ते तिला दिसले नाहीत आणि अठरा वर्षं फॉर्म भरणाऱ्या मलाही दिसले नाहीत.

पुढे करुणाचा पसंतीक्रम भरला. जळगाव पहिलं, धुळं दुसरं, मग बाकीची. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या आत, एक छापील प्रत काढून ठेवावी असा मी सगळ्यांकडे आग्रह धरते. करुणा आणि सुकदेवभाऊ दुपारी अडीचला आले. मी खातं उघडलं आणि प्रिंट द्यायच्या आधी सवयीने वाचून दाखवायला लागले.

“पहिलं, धुळे…”

“जळगाव, ताई.”

मी पुन्हा बघितलं. पहिलं धुळे होतं. दुसरं, तिसरं, शेवटपर्यंत गेले. जळगाव यादीत नव्हतंच.

करुणा उठून माझ्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. पडद्यावरची यादी तिने स्वतः वरून खाली वाचली. मग हळूच म्हणाली, “ताई, तुमच्याकडून चुकून झालं असेल का?”

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. सुकदेवभाऊ एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. “काय व्हयनं ताई? पोरनं काम व्हई ना?”

पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत शेवटचा बदल कधी झाला ते असतं. आदल्या रविवारी दुपारी. रविवारी माझं केंद्र बंद असतं. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, त्याची आता लाज वाटते.

“पासवर्ड कोणाला दिला होतास?” मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

“कोणालाच नाही.”

“मग भुताने बदललं का?”

ती खाली बघत म्हणाली, “ताई, सांगावा नाही लागत. तो सगळ्यांना माहीत आहे.”

“कोणता?”

“तुमचा. चार अक्षरं आणि साल. ज्याने इथे फॉर्म भरला त्याला स्वतःचा माहीत असतो ना? मग दुसऱ्याचा कळतोच. कॉलेजात सगळे म्हणतात, ताईंकडे हजार कुलपं, पण किल्ली एक. अर्ज क्रमांक तर स्टेटसच्या पावतीवर असतोच. निकाल लागला की आम्ही एकमेकांचे मार्क बघून घेतो.”

माझे हात कीबोर्डवरून आपोआप मागे आले. “आणि मला कोणी सांगितलं नाही?”

“तुम्हाला किती अभिमान होता त्याचा,” करुणा म्हणाली. “आणि कोणी काही बदलत नाही ताई. फक्त बघायचं असतं. हात लावायचा नसतो, असं आमच्यात आहे.”

त्या परिस्थितीतही मला या वाक्याचं नवल वाटलं. आम्हा मोठ्यांच्या पाठीमागे या पोरांनी एक कायदा केला होता आणि इतकी वर्षं तो पाळला होता. मी लावलेल्या कुलपामुळे नाही, त्यांच्या शब्दामुळे सगळ्यांची खाती सुरक्षित होती.

“मग हात कोणी लावला?”

 करुणाने वडिलांच्या हातातून फोन घेतला आणि एक मेसेज लिहायला लागली. लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी एक नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. पलीकडे वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच उमटल्या. पलीकडची टाइप करतेय असं दिसायचं आणि थांबायचं. असं चार-पाच वेळा झालं. उत्तर काही आलं नाही. दहा मिनिटांनी रोशनीच आली. चप्पल न काढता दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

“मी केलं,” ती म्हणाली.

करुणाने तिच्याकडे बघितलंही नाही. “का?”

“धुळ्याला आपल्या दोघींना मिळालं असतं. जळगावला मला नाही मिळणार, तुला माहितीये. तू गेल्यावर मी कोणाशी बोलू?”

“फोन कशाला असतो?”

“फोनवर आपण खरं बोलतो का कधी? तूच सगळं पुसून टाकतेस!”

“मला विचारायचं होतंस.”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

करुणा तेव्हा वळली. “हो. नाही म्हणाले असते. म्हणूनच विचारायचं असतं.”

रोशनी रडायला लागली. सुकदेवभाऊंना यातलं निम्मंच समजलं होतं, पण भिंतीवरचं घड्याळ समजत होतं. “बाई, भांडण मंग करा,” ते म्हणाले. “आधी सांगा, आते काय करानं?”

सव्वातीन झाले होते. मी सरसावून बसले. बोटं अर्ज क्रमांकावर जाऊन थांबली. जळगाव पहिल्या क्रमांकावर परत टाकायला मला दोन मिनिटं लागली असती. पण किल्ली तीच राहिली असती, सगळ्या कॉलेजला माहीत असलेली. मी खुर्चीतून उठले.

“बस इथे,” मी करुणाला म्हटलं. “आधी पासवर्ड बदल. मला सांगू नकोस.”

“मी? ताई, चुकलं तर?”

“मी बाहेर उभी आहे. अडलं तर हाक मार, पण पासवर्ड टाकून झाल्यावर.”

त्या खुर्चीत तोवर माझ्याशिवाय कोणी बसलं नव्हतं. मी रोशनीला घेऊन पायरीवर आले. आत साइट सुस्तावली होती, शेवटच्या दिवशी ती अशीच वागते. करुणा दर दोन मिनिटांनी ओरडायची, “गोल फिरतंय नुसतं!” बदलासाठी एक आकडा फोनवर येणार होता. फोन सुकदेवभाऊंच्या हातात. ते एकेक आकडा बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागले, तशी करुणा आतून म्हणाली, “बाबा, हळू! इकडे या, कानात सांगा!” पायरीवर रडता रडता रोशनीला हसू आलं आणि ते तिने लगेच गिळलं.

“ताई,” ती म्हणाली, “तुम्ही मला काही बोलत का नाही?”

“बोलायला पाहिजे. तू फार वाईट केलंस.”

“एवढंच?”

“दार मी उघडं ठेवलं होतं गं. आत तू शिरलीस, पण दार माझं होतं.”

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, “मी आबांचे मेसेज गाळायची, तेव्हा पण मला वाटायचं मी चांगलंच करतेय.” याहून जास्त मी तिला काय सांगणार होते?

चारला पाच मिनिटं कमी असताना प्रिंटरचा आवाज आला. सुकदेवभाऊ कागद धरून बाहेर आले आणि माझ्यापुढे धरून म्हणाले, “वाचा.” पहिलं जळगाव, दुसरं धुळं. धुळं तिने काढलं नव्हतं. करुणा मागोमाग आली आणि रोशनीच्या बाजूने न बघता पायऱ्या उतरून गेली.

पुढचे काही आठवडे मी जुन्या नोंदी काढून लोकांना फोन करत होते. तुमचा पासवर्ड बदलून घ्या, तो सगळ्यांना ठाऊक आहे, चूक माझी आहे. मला वाटलं होतं लोक चिडतील. थोडे चिडलेही. पण बहुतेकांनी उलटंच ऐकवलं. एक बाई म्हणाल्या, “ताई, आमचं लपवायसारखं शे तरी काय? तुम्हीच ठेवा.” एका काकांना राग आला, “आमच्यावर विश्वास नाही का तुमचा?” खरं तर त्यांनीच माझ्यावर विश्वास ठेवायला नको होता, आणि ते माझीच बाजू घेऊन माझ्यावर रागावत होते. ज्यांना आयुष्यात बंद करायला कपाटच मिळालं नाही, त्यांना किल्लीचं महत्त्व फोनवर कसं पटवायचं, हे मला अजून जमलेलं नाही. तरुण मुलांना मात्र एका वाक्यात पटतं. मी म्हणते, “तुझा मोबाइल पालथा का ठेवलास?” ती हसतात आणि खुर्चीत येऊन बसतात.

एक गोष्ट मात्र टोचत राहिली आहे. काही वर्षांपूर्वी शिंदखेड्याकडचा एक मुलगा असाच आला होता. त्याचाही पसंतीक्रम बदललेला निघाला होता आणि मुदत संपून गेली होती. तो म्हणत होता, मी हे भरलंच नाही. मी त्याला ठामपणे सांगितलं होतं, “तुझंच बोट कुठेतरी चुकलं असेल.” तो मान खाली घालून गेला. खरंच त्याचं बोट चुकलं होतं की माझी किल्ली कोणी फिरवली होती, हे आता कळायला मार्ग नाही. त्याचा नंबर लागत नाही. हा लेख त्याच्या वाचनात आला तर त्याने केंद्रावर यावं. त्याची माफी मागायची माझी राहिली आहे.

आता करुणाच्या निकालाचं सांगते. यादी सकाळी दहाला लागणार होती. नऊपासून मी साइट उघडून बसले होते. दहा वाजले. माझ्या बोटांनी, मी न सांगता, तिचा अर्ज क्रमांक टाकला आणि खाली तीच चार अक्षरं, तोच ए, तेच साल. लाल अक्षरं आली: पासवर्ड चुकीचा आहे. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने “शाब्बास!” म्हणाले.

मिनिटभरात फोन वाजला.

“ताई, आत्ता तुम्ही माझं खातं उघडायला बघितलं ना?”

“मी? नाही… हो. सवय गं. तुला कसं कळलं?”

“पासवर्डच्या पानावर खाली एक चौकट असते. ती टिक केली की कोणी आत यायला बघितलं तर मेसेज येतो. तुम्ही कधी करत नव्हता ती.” ती हसत होती, की नव्हती, आवाजावरून कळेना.

“बरं, लागलं का?”

“सांगते ना. आधी फोन ठेवा.”

मी फोन ठेवला. त्यानंतर एक नॉनक्रीमीलेअरचा आणि एक भरतीचा असे दोन फॉर्म भरले. दोन्हींत चुका केल्या. फोन टेबलावर सुलटा ठेवला होता आणि दर मिनिटाला बघत होते. निकालाच्या दिवशी ताटकळणारी माणसं मी आजवर फक्त पलीकडच्या बाकावर बघितली होती.

पावणेअकराला मेसेज आला. तो मी पुसलेला नाही, आणि इथे तो द्यायची परवानगी मी करुणाकडून मागून घेतली आहे.

“जळगाव मिळालं ताई. बाबांना सांगितलं. रोशनीला सांगितलं. आता तुम्हाला.”